लाईट कव्हा येणार?

आमच्या नरसीत विजेला कोणी वीज म्हणत नाही. वीज म्हणजे ती, जी मृगात कडाडते आणि एखाद्या वर्षी शिवारातल्या लिंबावर पडते. तारेतून येते ती लाईट. आणि लाईटबद्दल विचारायचा प्रश्न एकच, "लाईट कव्हा येणार?" ती कुठून येते, कशापासून तयार होते, कंपनीला केवढ्याला पडते, हे पारावर कोणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही. येणार कव्हा, आणि आली तर टिकणार किती वेळ, एवढंच.

माझी पुण्याची नात मात्र मागे फोनवर मोठ्या उत्साहाने सांगत होती, "आजी, आता सगळं बदलणार. महावितरण २०३०पर्यंत निम्म्याहून जास्त वीज सूर्याची, वाऱ्याची, पाण्याची घेणार. बावन्न टक्के!" मी म्हटलं, "चांगलंच आहे बाई. पण ती दिवसा येणार का?" ती हसली. तिला वाटलं, आजीला विषयच कळला नाही. पण मला वाटतं, आमच्यासारख्या गावांपुरता विषय नेमका तोच आहे. म्हणून हा लेख.

ज्यांना नरसी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. हिंगोली तालुक्यातलं, कयाधू नदीच्या काठचं हे गाव. परंपरेने संत नामदेवांचं जन्मगाव. त्यांची एकसष्ट पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत, त्यामुळे आमच्याकडे वारकऱ्यांइतक्याच भक्तीने पंजाबची मंडळीही येतात. मंदिर आहे, गुरुद्वारा आहे. बाकी सारं शेतीवर. सोयाबीन, तूर, हरभरा, आणि पाणी असेल त्याची हळद. हळद हे पीक नऊ महिने रानात उभं राहतं आणि पाऊस सरला की सारखं पाणी मागतं. तेव्हा पाणी म्हणजे मोटार, आणि मोटार म्हणजे लाईट.

मी शाळेत भूगोल आणि मराठी शिकवायचे. विद्युत अभियांत्रिकीतलं मला काही कळतं असा दावा नाही. पण भूगोलाच्या बाईला 'कुठून' हा प्रश्न सुटत नाही, म्हणून वाचत गेले.

महाराष्ट्राला मोठ्या प्रमाणावर वीज पहिल्यांदा मिळाली ती पाण्यापासून. टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं आणि मुंबईच्या गिरण्या त्यावर चालल्या. पुढे १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं, त्याच दशकात कोयना सुरू झालं. आमच्या भागातलं जवळचं वीजघर म्हणजे पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणाचं, साडेबावीस मेगावॅटचं. तिथे मी शाळेची सहल घेऊन गेले होते. एका मुलाने तिथल्या माणसाला विचारलं होतं, "साहेब, पाण्यातली लाईट काढून घेतल्यावर पाण्यात जोर राहतो का?" सगळे हसले. पण प्रश्न वाईट नव्हता. काहीतरी घेतलं तर काहीतरी कमी होणारच, हे त्या शेतकऱ्याच्या पोराला ठाऊक होतं.

मग धरणांना जागा संपत आल्या आणि मागणी वाढत गेली. कोळसा आला. विदर्भात खाणी, म्हणून कोराडी, चंद्रपूर. आमच्या मराठवाड्यात परळी, १९७१पासून. कोळशाची वीज म्हटलं की आपल्याला धूर आणि राख आठवते. पण मराठवाड्याने त्याची दुसरी बाजू पाहिली. कोळशाच्या वीजघराला वाफ करायला आणि यंत्रं गार ठेवायला पाणी लागतं, आणि ते भरपूर लागतं. २०१३च्या दुष्काळात परळीचं वीजघर पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. २०१५ साली पुन्हा तेच झालं. पुढच्याच वर्षी लातूरला पिण्याचं पाणी मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं, हे सर्वांना आठवत असेल. ज्या मुलखात माणसांना पाणी नाही तिथे बॉयलरला कुठून आणायचं? सूर्याच्या विजेला पाणी लागतं ते फक्त पाट्यांवरची धूळ धुवायला. हा मुद्दा मला धुराइतकाच महत्त्वाचा वाटतो, निदान आमच्यासाठी.

आता मूळ प्रश्न. शेतकऱ्याला लाईट रात्रीच का?

कोळशाचं वीजघर हे लग्नातल्या आचाऱ्याच्या भट्टीसारखं असतं. एकदा पेटवली की दर घाण्यानंतर विझवत नाहीत. विझवली तर पुन्हा तापायला वेळ लागतो आणि लाकूडफाटा वाया जातो. मोठा संच फार खाली आणता येत नाही, साधारण पंचावन्न टक्क्यांच्या खाली चालवणं कठीण. दिवसा कारखाने, कचेऱ्या, दुकानं चालतात. रात्री ती बंद होतात, शहरं झोपतात. भट्टी मात्र चालूच. मग ती उरलेली वीज कोणाला द्यायची? जो कमी पैसे देतो आणि तक्रार करायला कचेरीत येत नाही त्याला. शेतकऱ्याला. एक आठवडा दिवसाची पाळी, एक आठवडा रात्रीची, असं वर्षानुवर्षं चालत आलं. दिवसा आठ तास, रात्री आठ ते दहा तास. हे एकट्या महाराष्ट्राचं नाही, देशातल्या अनेक राज्यांत असंच होतं. यात कोणी दुष्टपणा केला असं मी म्हणणार नाही. हिशोब तसा होता. पण त्या हिशोबात एक रकाना कधी धरलाच नाही, तो म्हणजे शेतकऱ्याची झोप.

रात्रीचं पाणी म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते. पौषातली थंडी. अकरा-बाराला लाईट येणार म्हणून माणूस आखाड्यावर जाऊन पडतो. लाईट आली की मोटार चालू करायची, हातात बॅटरी घ्यायची, खांद्यावर फावडं, आणि गुडघाभर चिखलात दांड फोडत एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात पाणी फिरवायचं. पहाटे चारपर्यंत. पायाखाली काय आहे ते दिसत नाही. रानडुकरं असतात. घरी बाई जागी असते ती वेगळीच. काही जण मोटारीला ऑटो स्विच लावतात, म्हणजे लाईट आली की मोटार आपोआप सुरू. पण सगळ्यांच्या मोटारी एकाच क्षणाला सुरू झाल्या की डीपीवर एकदम ताण येतो आणि डीपी जळते. डीपी जळाली की आठ दिवस अंधार आणि वाळणारं पीक.

मी दुसऱ्या एका गावच्या शाळेवर होते, तेव्हाची गोष्ट. नववीत एक मुलगा होता. अक्षर सुंदर, नकाशे असे काढायचा की मी ते वर्गात लावून ठेवायचे. त्याच्या वडिलांना रात्री गहू भिजवताना घोणस चावली. जीव वाचला, पण पायाचं मांस सडलं आणि पाय कायमचा अधू झाला. पुढच्या सोमवारपासून मुलगा शाळेत यायचा तो झोपायला. बाकावर डोकं ठेवलं की तास संपेपर्यंत उठायचा नाही. मी काही बोलले नाही. दिवाळीनंतर यायचा बंदच झाला. घरी गेले तर आई म्हणाली, "बाई, रातच्याला पाणी द्यायला दुसरं कोण हाय आमच्यात?" मला उत्तर सुचलं नाही. उत्तर शाळेत नव्हतंच. ते लाईटच्या वेळापत्रकात होतं.

नंतर भारनियमनाची वर्षं आली. एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प १९९९ साली सुरू झाला, २००१ साली बंद पडला, त्याचं राजकारण सर्वांनी वाचलं आहे. २००५ साली विद्युत मंडळाचं विभाजन झालं. वीज तयार करणारी महानिर्मिती, ती दूरवर वाहून नेणारी महापारेषण आणि घरोघर, शेतोशेत पोचवणारी महावितरण. साधारण त्याच सुमाराला महाराष्ट्राच्या खेड्यांत बारा-बारा, चौदा-चौदा तास लाईट नसायची. दहावीची मुलं कंदील पुसून ठेवायची. मी स्वतः मॅट्रिकचा अभ्यास कंदिलावर केला आणि माझ्या विद्यार्थ्यांनीही कंदिलावरच केला. मधे चाळीस वर्षं गेली होती.

त्या काळात एक काम झालं. ते फारसं गाजलं नाही, पण आज ज्याचे ढोल वाजतात ते त्यावरच उभं आहे. गावाची लाईन आणि शेतीची लाईन वेगळी केली गेली. आधी एकाच तारेवर घरातला दिवा आणि शेतातली मोटार. शेतीची लाईट बंद करायची तर गावही अंधारात. मग गावठाणाचं फिडर वेगळं, शेतीचं वेगळं, असं हळूहळू होत गेलं. गावात संध्याकाळी दिवा राहू लागला. आणि शेतीचं फिडर सुटं झाल्यामुळे पुढे कोणाला तरी सुचलं की या एवढ्याच फिडरला वीज वेगळीकडून देता येईल.

तीच ही मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. वाहिनी म्हणजे फिडर. योजना २०१७ साली जाहीर झाली, सुरुवातीला राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी इथे प्रयोग झाले. पण ती रखडत चालली. २०२३ साली तिची दुसरी आवृत्ती आली आणि मग वेग आला. तिचं उद्दिष्ट वाढत वाढत सोळा हजार मेगावॅटपर्यंत नेलं गेलं. पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा, तीन मेगावॅटचा. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी आमच्या शेजारच्या वाशिम जिल्ह्यात पंतप्रधान आले होते, तेव्हा धोंदलगाव धरून अशा पाच प्रकल्पांचं लोकार्पण झालं. त्यातला एक नांदेड जिल्ह्यातल्या बामणीचा, पाच मेगावॅटचा. म्हणजे ही गोष्ट आमच्या दारापर्यंत आली आहे.

कल्पना सोपी आहे. गावाजवळ तेहतीस केव्हीचं सबस्टेशन असतंच. त्याच्या आसपास पाच-दहा किलोमीटरांत जमीन घ्यायची, तिथे सूर्याच्या पाट्या लावायच्या, वीज त्याच सबस्टेशनात आणायची आणि तिथूनच शेतीच्या फिडरला सोडायची. सूर्य दिवसा, म्हणून लाईटही दिवसा. चंद्रपूरहून शेकडो किलोमीटर तारांतून येताना वीज वाटेत गळते, ती गळतीही वाचते. एका मेगावॅटला साधारण चार-पाच एकर जमीन लागते. पाच अश्वशक्तीच्या मोटारीला पावणेचार किलोवॅट धरले तर कागदावर एका मेगावॅटमध्ये अडीचशेच्या वर मोटारी चालतात. प्रत्यक्षात ढग येतात, सकाळ-संध्याकाळ ऊन तिरपं पडतं, त्यामुळे हिशोब कमी भरतो. पण एक-दोन गावांच्या मोटारी काही एकरांतल्या उन्हावर चालाव्यात, हे मला अजूनही नवल वाटतं.

कंपनी हे का करते? पर्यावरणाची काळजी असेलच. आणि ठरावीक वाटा अपारंपरिक विजेचा घेतलाच पाहिजे, असा नियामक आयोगाचा दंडकही आहे. पण खरं कारण पैशाचं आहे. शेतीला वीज पोचवायला महावितरणला युनिटमागे साडेआठ रुपयांच्या घरात खर्च येतो असं कंपनीच सांगत आली आहे. शेतकऱ्याचा दर दीड रुपयाच्या आसपास. मधली खिंड कोण भरणार? थोडं सरकार भरतं, थोडं कारखानदार आपल्या वाढीव दरातून भरतो. म्हणून उद्योगवाले ओरडतात की महाराष्ट्रात वीज महाग. २०२४पासून तर साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या मोटारींचं बिल सरकारच भरतं आहे. आणि ही सूर्याची वीज तीन रुपयांच्या आसपास पडते. तेव्हा कंपनीला ज्यात फायदा, त्यातच शेतकऱ्याची झोप. दोघांचं हित एकाच बाजूला यावं, असं माझ्या आयुष्यात फार वेळा झालेलं नाही. म्हणूनच मला यातून आशा वाटते. नुसत्या दयेवर चाललेली योजना दोन निवडणुका टिकते. हिशोबात बसलेली जास्त टिकते.

आता नातीला सांगायच्या गोष्टी. कारण झाकण उघडून पातेल्यात पाहिलंच पाहिजे.

पहिली गोष्ट संध्याकाळची. सूर्य मावळला की पाट्या आंधळ्या होतात, आणि नेमकं तेव्हाच घरोघरी दिवे, टीव्ही, मिक्सर सुरू होतात. म्हणजे रात्रीसाठी अजून कोळसाच. दिवसाचं ऊन रात्रीसाठी साठवायचे दोन मार्ग आहेत. एक, घाटघरसारखा. तिथे २००८पासून अडीचशे मेगावॅटचा प्रकल्प आहे. वीज जास्त असेल तेव्हा खालचं पाणी वरच्या धरणात चढवायचं, लागेल तेव्हा सोडून वीज करायची. आपल्या वाड्यातल्या टाकीसारखं. दुसरा मार्ग मोठाल्या बॅटऱ्यांचा, त्यांच्या निविदा महावितरणनेही काढल्या आहेत. वारा रात्रीही वाहतो, म्हणून साताऱ्याच्या पठारावरच्या आणि धुळ्याकडच्या पवनचक्क्या. साखर कारखाने चिपाडावर वीज करतात. सगळी अंडी एका टोपलीत नको, हे कंपनीला उशिरा का होईना पटलं आहे. शेतकऱ्याला ते कधीच पटलेलं असतं. म्हणून तो सोयाबीनच्या ओळींत तूर पेरतो. एक गेलं तर दुसरं.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि तिची मला जास्त भीती वाटते. रात्रीची लाईट हा जुलूम होता, पण तो विहिरीला एक लगामही होता. माणूस थंडीत कंटाळून मोटार बंद करायचा. आता दिवसा लाईट, बिल नाही. शिवाय 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत दहा टक्के रक्कम भरली की सूर्यावरची मोटार मिळते, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला पाच टक्क्यांत. सूर्य उगवला की मोटार सुरू, मावळला की बंद. उन्हाळ्यात कयाधूचं पात्र कोरडं असतं, बोअर चारशे-पाचशे फुटांवर गेलेले आहेत. सूर्याची वीज कितीही स्वच्छ असली तरी ती जमिनीत पाणी तयार करत नाही. ठिबक, शेततळं, पिकाची निवड, हे सोबत आलं नाही तर दहा वर्षांनी दिवसाची लाईट असेल आणि उपसायला पाणी नसेल. त्या सहलीतल्या पोराचा प्रश्न मला इथे पुन्हा आठवतो.

तिसरी गोष्ट जमिनीची. या प्रकल्पांना सरकारी जमीन नाममात्र भाड्याने मिळते, आणि गावातली सरकारी जमीन म्हणजे बहुतेक ठिकाणी गायरान. ज्या गावात प्रकल्प होतो त्या ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख, असे तीन वर्षं पंधरा लाख मिळतात. सरपंच खूश. पण ज्याला गुंठाभर जमीन नाही, त्याच्या चार शेळ्या गायरानावरच चरतात. त्याला मोटार नाही, म्हणून दिवसाच्या लाईटचा उपयोग नाही. गावाचा फायदा होताना त्याचं तेवढं जातं, आणि ग्रामसभेत तो मागे उभा असतो. पडीक जमीन असा शब्द कागदावर असतो. मी तरी पूर्ण पडीक जमीन कुठे पाहिली नाही. कोणाचं तरी जनावर तिथे असतंच.

हे सगळं मी लांबून बोलत नाही. प्रश्न आमच्या घरात आला आहे. माझा पुतण्या आमची सामाईक शेती करतो. आमची पाच एकर मुरमाड जमीन सबस्टेशनच्या वाटेवर आहे. तीन एकरांत सोयाबीन-तूर, दोन एकर नुसतं गवत. त्या गवतावर वस्तीवरची एक म्हातारी कित्येक वर्षं शेळ्या चारते. आम्ही कधी हटकलं नाही, तिने कधी बांध मोडला नाही.

पुतण्या म्हणाला, "काकू, हेक्टरी सव्वा लाख भाडं हाय वर्षाला. वर तीन टक्के वाढ. पाच एकराचे अडीच लाख घरबसल्या. सोयाबीन काय देतंय? खर्च काढून चाळीस हजार उरले तर लै."

मी विचारलं, "किती वर्षांसाठी?"

"पंचवीस तरी."

"म्हणजे तू सत्तरीला येशील."

"मग? तव्हा तर लागतेतच पैसे."

बोलणं खरं होतं. मी विचारलं, त्या म्हातारीचं काय? तो म्हणाला, कुंपणाच्या आत पाट्यांखाली गवत उगवतंच, तिथे चारू दे की. मी वाचलं होतं की अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात पाट्यांखाली मेंढ्या चारतात, गवतही कापलं जातं. पण मेंढ्या. शेळी वर चढते आणि वायर कुरतडते. हे मी सांगितलं तेव्हा तो जोरात हसला आणि म्हणाला, "शेळीचं काही सांगू नका काकू, ती तर लिंबावर चढती."

चार दिवस घरात हीच चर्चा. जाऊबाई म्हणाल्या, पैसा येतोय तर येऊ द्या. धाकटा म्हणाला, जमीन भाड्याने गेली की माणूस शेतकरी राहत नाही. मी एवढंच म्हटलं की पैसे घ्या, पण जिच्या जाण्याची नोंद कुठल्याच कागदावर होणार नाही तिला विचारून घ्या. पुतण्या स्वतः तिच्याकडे गेला. ती म्हणाली, "लाईट येती तर येऊ द्या बापा. मह्या शेळ्याला दोन वर्सं राहू द्या, मग मी तरी कुठं राहते."

शेवटी असं ठरलं. तीन एकर द्यायचे, आणि बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याची जमीन मिळून सलग तुकडा दाखवायचा. गवताचे दोन एकर ठेवायचे, दोन वर्षं नव्हे, तसेच ठेवायचे. भाड्याचे साधारण लाखभर रुपये कमी येतील. पुतण्या थोडा नाराज आहे. पण त्यानेच तो आकडा काढून मला दाखवला आणि त्यानेच अर्जात तीन एकर लिहिले. अर्ज गेला आहे. मंजूर होईल की नाही, कधी होईल, ते पुढचं पुढे.

माझं मत विचाराल तर, हा बदल चांगला आहे आणि तो थांबू नये. एका पोराची नववी ज्या वेळापत्रकाने खाल्ली, ते वेळापत्रक बदलायची ताकद उन्हात आहे. पण वेळापत्रक बदललं की काम संपलं असं समजू नये. विहिरीचं पाणी आणि गायरानावरच्या शेळ्या यांचाही हिशोब कंपनीने नाही तर गावाने तरी ठेवायला हवा. मेगावॅटचे आकडे वर्तमानपत्रात येतील. आमच्या गावचं मोजमाप मी गच्चीवरून करते. हिवाळ्यात रात्री बाराला कयाधूच्या पलीकडे शिवारात हलणाऱ्या बॅटऱ्या मोजते. मागच्या माघात एका रात्री अकरा मोजल्या होत्या.

असो. फार लांबलं. वाचकांपैकी कोणाच्या गावी शेतीला दिवसाची लाईट सुरू झाली असेल तर जरूर कळवा. किती तास राहते, ढगाळ दिवशी काय होतं, आणि विहिरीचं पाणी किती खाली गेलं, हे तिन्ही सांगा. जाहिराती मी वाचल्या आहेत, मला तुमच्याकडून ऐकायचं आहे.